त्रेचाळीस टक्के वाचून झालं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आत्याचे डोळे सुधारले, पण तोवर मनगटं बिघडली होती. उताणं पडून छातीवर पुस्तक उभं धरायचं, ही तिची साठ वर्षांची सवय. सातशे पानांची कादंबरी आता दहा मिनिटांत नाकावर यायला लागली. म्हणून मी तिला माझा जुना ई-रीडर दिला. पहिल्या दिवशी तिने पान उलटायला बोट जिभेला लावलं. मग यंत्र खिडकीपाशी नेऊन भर उन्हात धरलं, आणि मोबाइलसारखं काळं न पडता अक्षर उलट जास्तच ठळक दिसतंय म्हणून खूश झाली. रात्री जेवताना विचारलं, "अरे, अजून किती राहिलंय ते कसं कळायचं?" मी पडद्याच्या तळाचा आकडा दाखवला. ४३ टक्के वाचून झालं होतं. "टक्के नको रे सांगू. एवढं की एवढं?" असं म्हणून तिने अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून दाखवलं, आधी कमी, मग जास्त.

छापील पुस्तक, ई-रीडर आणि टॅब यांच्या तुलनेबद्दल त्यानंतर मी बरंच वाचलं. आत्याच्या त्या दोन बोटांतल्या अंतराइतकं नेमकं फार थोड्यांनी सांगितलंय.

आधी एक गल्लत दूर करू. टॅब आणि ई-रीडर आपण एकाच दावणीला बांधतो, कारण दोन्ही सपाट आणि दोन्ही चार्ज करावे लागतात. पण जात वेगळी. टॅबचा पडदा स्वतः उजेड फेकतो आणि तो सरळ डोळ्यांत येतो. ई-रीडरचा पडदा ई-इंकचा असतो. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं, त्यातून १९९७ साली ई-इंक ही कंपनी निघाली. केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या, प्रत्येकीत पारदर्शक द्रव, त्यात धनभार असलेले पांढरे कण आणि ऋणभार असलेले काळे कण. विजेचा भार बदलला की एक रंग वर येतो, दुसरा तळाशी बसतो. एकदा बसला की बसला. वीज काढून घेतली तरी अक्षर हलत नाही. पान उलटतानाच काय ती वीज लागते, म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. आणि अक्षर दिसतं ते बाहेरचा उजेड त्यावर पडून, छापील कागदासारखंच. आत्याला उन्हात ठळक दिसलं ते यामुळे. आताच्या ई-रीडरमध्ये रात्रीसाठी दिवे असतात, पण ते कडेला बसवलेले असतात आणि त्यांचा उजेड पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो.

या तंत्राची किंमतही आहे. कण हलायला वेळ लागतो, त्यामुळे व्हिडिओ विसरा. मधूनच पडदा पापणी लवल्यासारखा काळा होऊन परत येतो. आधीच्या पानाचं भूत नव्या पानावर पुसट रेंगाळतं. रंगीत ई-इंक आता मिळते, पण रंग फिके, वर्तमानपत्राच्या पुरवणीसारखे.

सोनीने २००४ मध्ये जपानात लिब्रिए नावाचा असा पहिला ई-रीडर विकायला काढला, तो फारसा चालला नाही. अॅमेझॉनचं किंडल १९ नोव्हेंबर २००७ रोजी आलं, ३९९ डॉलरला, आणि पहिली खेप साडेपाच तासांत संपली. त्यानंतर आपल्याकडे झेरॉक्स किंवा डालडासारखं झालं, कुठल्याही कंपनीचा ई-रीडर असो, लोक त्याला किंडलच म्हणतात. पहिल्या किंडलच्या पडद्यावर एका इंचात १६७ ठिपके होते. रोमन लिपीचं त्यात भागतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असा तीन मजली कारभार असतो. 'कर्तृत्व' या एका शब्दात हे सगळे मजले भरतात. किंडल पेपरव्हाइट २०१५ मध्ये इंचाला ३०० ठिपक्यांवर गेलं, आणि पडद्यावरचा अनुस्वार माझ्या मते तेव्हा पहिल्यांदा टिंबासारखा दिसला. त्याआधी तो माशी बसल्यासारखा दिसायचा.

आता संशोधनाचं बघू. कागदावर वाचलेलं जास्त लक्षात राहतं, हे वाक्य व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनी एकदा तरी पुढे ढकललंय. त्यामागे अभ्यास आहेत, पण ते इतकं सरळ बोलत नाहीत. पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. सगळे मिळून एक लाख सत्तर हजारांवर वाचक. कागदावर वाचणाऱ्यांची समज सरस निघाली, पण फरक छोटा होता. माहितीपर मजकुरात तो दिसला, नुसत्या गोष्टी-कादंबऱ्यांत दिसला नाही. वेळेचं बंधन असलं की फरक वाढत होता. आणखी एक गोष्ट, जी पुढे ढकलताना हमखास गळते: यातले बहुतेक पडदे संगणकाचे किंवा टॅबसारखे उजेड फेकणारे होते. ई-इंकबद्दल त्यावरून फार बोलता येत नाही.

ई-इंकवर थेट बोलणारा एक अभ्यास नॉर्वेच्या अॅने मांगेन आणि सहकाऱ्यांचा आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. पन्नास वाचकांना एकच लांबलचक रहस्यकथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. बऱ्याचशा चाचण्यांत दोन्ही गट बरोबरीत राहिले. पण कथेतल्या १४ घटना घडल्या त्या क्रमाने लावा म्हटल्यावर किंडलवाले मागे पडले. काय घडलं ते लक्षात होतं, कधी घडलं ते निसटलं होतं. डाव्या हातातली पानं वाढतात, उजव्या हातातली कमी होतात, आणि तो बदलता भार आपल्या नकळत कथेची घडी लावत असतो, असं त्यामागचं स्पष्टीकरण सुचवलं गेलं. पन्नास माणसांवरून जगाचा न्याय करू नये. पण आत्या ज्याला 'एवढं की एवढं' म्हणत होती ते हेच.

झोपेचंही तसंच. टॅबवर वाचल्याने झोप उडते हे २०१४ च्या ज्या अभ्यासावरून म्हणतात, त्यात फक्त १२ जण होते. मंद उजेडाच्या खोलीत, आयपॅडचा प्रकाश पूर्ण वाढवून, झोपण्याआधी चार तास, सलग पाच रात्री. छापील पुस्तकाच्या तुलनेत झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेचं संप्रेरक मेलाटोनिन उशिरा स्रवलं. चार तास आणि दहा मिनिटं हे प्रमाण ध्यानात ठेवलं तर घाबरण्यासारखं काही नाही. टॅबवर झोप उडते ती पुस्तकामुळे नाही. वाचता वाचता वर एक पट्टी सरकते, 'फॅमिली ग्रुप' नावाची, आणि पुढचा पाऊण तास कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोंत जातो. ई-रीडरचं सगळ्यात मोठं सामर्थ्य त्याच्या मठ्ठपणात आहे.

इथवरचा वाद कुठल्याही भाषेतला आहे. मराठी वाचकाचा प्रश्न यापुढे सुरू होतो, आणि तो यंत्राचा नाहीच. यंत्रात घालायचं काय, असा तो आहे.

अॅमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळम यांच्यासोबत मराठी ई-पुस्तकं आणली. पुण्याच्या बुकगंगावर त्याआधीपासून मराठी ई-पुस्तकं होती. तरीही आज सर्वसाधारण मराठी वाचकाच्या मोबाइलमध्ये किंवा टॅबमध्ये जी पुस्तकं सापडतात, त्यातली बहुसंख्य पीडीएफ असतात, आणि त्यातलीही पुष्कळ म्हणजे जुन्या पुस्तकाच्या पानांचे नुसते फोटो. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी मोलाची प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, हे थोर काम आहे. पण ती पीडीएफ आहेत. ई-साहित्य प्रतिष्ठान वर्षानुवर्षं फुकट पुस्तकं वाटतं, तीही मुख्यतः पीडीएफच. परीक्षेच्या नोट्स पीडीएफ. टेलिग्रामवर फिरणारी चोरीची कादंबरी, तीही पीडीएफ.

पीडीएफ म्हणजे गोठवलेलं पान. आपल्याकडे कादंबरी साधारण डेमी आकारात निघते, साडेपाच इंच बाय साडेआठ. सहा इंची ई-रीडरचा पडदा, सहा इंच हे कर्णाचं माप असल्याने, प्रत्यक्षात जेमतेम ३.६ बाय ४.८ इंच. म्हणजे ते पान त्यात बसवायचं तर साठ टक्क्यांच्या खाली आक्रसावं लागतं. बारा पॉइंटचा टाइप सात पॉइंटचा होतो, औषधाच्या पुडीवरच्या सूचनांएवढा. यंत्र आडवं धरलं तर अक्षर वाचण्याजोगं होतं, पण पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं आणि वाक्य नेमकं तुकड्याच्या फटीत अडकतं. हे मी एकदा पूर्ण पुस्तकभर केलं. दुसऱ्यांदा केलं नाही. तेच पान दहा इंची टॅबवर टाकलं की जवळजवळ मूळ आकारात दिसतं. मराठी माणूस टॅबवर वाचतो यामागे त्याची आवड थोडी आणि ही भूमिती जास्त आहे.

ई-रीडरला हवा असतो वाहता मजकूर, ईपबसारखा, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. आत्याला याचाच उपयोग. तिने पहिल्याच आठवड्यात टाइप इतका मोठा केला की एका पानावर जेमतेम पाऊणशे शब्द मावायला लागले. असा मजकूर तयार करायला पुस्तक युनिकोडमध्ये लागतं, आणि इथे मराठी प्रकाशनाचा तीसेक वर्षांचा इतिहास आडवा येतो. संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली ती श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यात पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात तो 'क' नसतो. रोमन अक्षराच्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असतं. छापायला ते उत्तम, कारण छापखान्याला चित्रच हवं असतं. तीच फाइल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रात उघडली की रोमन अक्षरांचा चिवडा होतो. मग ती रूपांतरित करावी लागते, आणि रूपांतरात ऱ्हस्व-दीर्घाच्या जागा सरकतात, जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ते सगळं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पुन्हा तपासावं लागतं. दुसऱ्यांदा मुद्रितशोधनाचा खर्च, आणि तो एखाद-दुसऱ्या हजाराच्या आवृत्तीवर जगणाऱ्या प्रकाशकाने सोसायचा. तो टाळतो. दोष देणं सोपं आहे, मीही दिलेला आहे.

तपासणी न झालेलं ई-पुस्तक कसं असतं? मी विकत घेतलेल्या एका कथासंग्रहात 'ऱ्य' सगळीकडे 'र्य' झाला होता. दर्याचा र आणि दऱ्यांचा र एकाच टोपीत. 'वाऱ्याची झुळूक' ही 'वार्याची' होऊन आली. हा अर्धा र मराठीचा खास, हिंदीसाठी बेतलेल्या फॉन्टना त्याचं सोयरसुतक नसतं. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले की पुस्तक परक्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवल्यासारखं वाटतं. वाचता येतं, नाही असं नाही. पण दर तिसऱ्या पानावर खडा लागतो. अडलेल्या शब्दावर बोट दाबून अर्थ पाहावा, ही इंग्रजी वाचताना लागलेली चैन मराठीत माझ्या यंत्राने कधी पुरवली नाही. गंमत म्हणजे मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कोश आहे, यंत्र आहे, दोघांची गाठ कुणी घालून दिलेली नाही.

चांगलं कसं होतं याचे नमुनेही आहेत. विश्वकोशाच्या नोंदी युनिकोडमध्ये जालावर आहेत, शोधता येतात, उचलून कुठेही लावता येतात. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्कॅनवरून पान-पान टंकतात, तपासतात, आणि ती ईपब म्हणून उतरवून घेता येतात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन खुलं आहे. हरिभाऊ आपटे तर केव्हाचेच खुले. ई-रीडरवर मराठी वाचायची सुरुवात करणाऱ्याला मी आधी तिकडे पाठवतो.

जाता जाता, कागद की पडदा हे भांडण नवं नाही. पोथीची सुटी, आडवी पानं मांडीवर घेऊन वाचणाऱ्यांना बांधलेलं छापील पुस्तक असंच परकं वाटलं होतं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यात ते चालत नसे, आणि मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई करून तोडगा काढला, असं सांगतात. आमच्या पिढीला ज्या पुस्तकाचा वास आवडतो, तो वास कधीकाळी विटाळ होता.

टॅबला मी वर थोडं धारेवर धरलं, तर त्याची बाजूही सांगतो. पुण्याच्या नवी पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं टॅबवर एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वही उघडून पेनने रेघा मारत बसतात. ते काम ई-रीडरकडून सुखाने होत नाही आणि पाठ्यपुस्तकांची थप्पी कॉट बेसिसवरच्या खोलीत मावत नाही. देल्गादोंचा निष्कर्ष त्यांच्याविरुद्ध जातो, माहितीपर मजकूर आणि वेळेचं बंधन दोन्ही त्यांच्याच वाट्याला. तरी परवडतं ते त्यांनी घ्यावं, हवं तर अवघड प्रकरणांची झेरॉक्स काढावी. दिवाळी अंकही टॅबवरच शोभतो. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये पहिला काढला तेव्हापासून तो चित्रं, व्यंगचित्रं, जाहिराती आणि मजकूर यांचा फराळच आहे, आणि सहा इंची राखाडी पडद्यावर फराळाचं ताट मांडता येत नाही. लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी मात्र मी कागद सोडून कशाचीच शिफारस करणार नाही. ती चावता येतात.

वजनाचा मुद्दा थोडक्यात: २०२२ चं साधं किंडल १५८ ग्रॅम, त्याच वर्षीचा आयपॅड पावणेपाचशेच्या पुढे, आणि जाडजूड ऐतिहासिक कादंबरी बहुधा त्याहून जड. किमतीचा हिशेब जास्त वाकडा आहे. भारतात २०२५ मध्ये आलेलं पेपरव्हाइट तेव्हा १६,९९९ रुपयांचं होतं. तेवढ्यात मराठी कादंबऱ्यांची एक फळी भरते. शिवाय छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-पुस्तकावर २०१७ मध्ये १८ टक्के लावला होता, तो २०१८ मध्ये, छापील आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरता, ५ टक्क्यांवर आणला. इंग्रजी भरपूर वाचणाऱ्याचा ई-रीडर दोन-तीन वर्षांत वसूल होतो. फक्त मराठी वाचणाऱ्याचा होईलच असं मी सांगू शकत नाही. सातारा जिल्ह्यातल्या भिलारला, पुस्तकांच्या गावी, घराघरांत बसून फुकट वाचता येतं आणि तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी चहाच्या खर्चात भागते, तिथे यंत्राची बाजू आणखीच पडते.

वर्गणीवरून मालकी आठवली. ई-पुस्तक 'विकत घ्या' असं लिहिलेलं असलं तरी मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने, विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, ग्राहकांच्या किंडलमधून काही पुस्तकं दुरून पुसून टाकली. त्यात ऑर्वेलचं '१९८४' असावं, याला योगायोग म्हणावं की काव्यगत न्याय! कंपनीने नंतर माफी मागितली. पण विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही तिने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. अप्पा बळवंत चौकात घेतलेलं पुस्तक दुकानदार रात्री येऊन उचलून नेत नाही. ते मेव्हण्याला देता येतं, तो परत करत नाही ही वेगळी गोष्ट. रद्दीवाल्याकडे गेलं तरी मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून कुणाच्या तरी घरी पोचतं, पहिल्या पानावर 'चि. सौ. कां. हिस लग्नानिमित्त' असं लिहिलेलं घेऊन. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पेट्या शंभर-शंभर पुस्तकं भरून आखातातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. ज्यांच्यासाठी ई-पुस्तक सगळ्यात सोयीचं असावं, समुद्रापलीकडच्या त्या वाचकांनी पुस्तकांची पेटी मागवली, ही गोष्ट मला पुष्कळ बोलकी वाटते. पेटी फिरते, घरं एकमेकांना जोडली जातात. परवाना फिरत नाही.

आत्याने हे सगळं स्वतःच्या पद्धतीने निकालात काढलं. कादंबरी संपत आली तेव्हा शेजारच्या काकूंना ती वाचायची होती. "तुझं झालं की दे हो" हा दोघींमधला चाळीस वर्षांचा करार. नुसतं पुस्तक देता येत नाही, हे मी तिला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा यंत्र घरात नव्हतं. तिने चार्जरसकट ते काकूंकडे पोचवलं होतं, आणि काकूंनी सुरुवातीपासून वाचायला घेतल्यामुळे आत्याची खूण मागे गेली होती.

"आता कुठे होते मी, ते कसं काढायचं?" तिने विचारलं.

"किती टक्क्यांवर होतीस?"

"टक्के कोण बघतं रे," ती म्हणाली, आणि दोन बोटं उचलून अंतर दाखवलं. अगदी थोडं उरलं होतं.